नगरच्या वाटेवरचे डिझेल इंजिन



दौंड–मनमाड लोहमार्ग आपल्या नगर जिल्ह्याच्या पोटातून जातो. विसापूर, नगर, राहुरी, बेलापूर, पुणतांबे, कोपरगाव ही त्यावरची स्थानके आपल्या नित्य परिचयाची आहेत. हा मार्ग 1878 साली खुला झाला. त्याच्या मातीकामावर 1876-77 च्या दुष्काळातले मजूर राबले होते. पण त्या दुष्काळी मुलखातून धावणारे वाफेचे इंजिन मात्र पाण्यावाचून जागचे हलत नसे. मालगाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूजी जातीच्या इंजिनाच्या टेंडरमध्ये वीस हजार लिटरांहून अधिक पाणी मावत असे! ज्या भागात उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करायची, तिथे गाडीची तहान ही लहान गोष्ट नव्हे.

ही तहान ज्या इंजिनाने भागवली, नव्हे उरूच दिली नाही, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

1962 साली अमेरिकेच्या आल्को कंपनीने 2600 अश्वशक्तीची डिझेल इंजिने भारतात पाठवली. त्यांतले पहिले क्रमांक 18040. या जातीचे नाव डब्ल्यूडीएम-2. यातला ‘डब्ल्यू’ ब्रॉडगेजचा, ‘डी’ डिझेलचा आणि ‘एम’ म्हणजे माल व प्रवासी, दोन्ही गाड्या ओढणारे. पुढे वाराणसीच्या कारखान्यात जोडलेले पहिले इंजिन 3 जानेवारी 1964 रोजी लालबहादूर शास्त्री यांनी राष्ट्राला अर्पण केले. आधी अमेरिकेहून आलेले सुटे भाग इथे जोडले जात. हळूहळू ते भागही इथेच होऊ लागले. 1998 पर्यंत अशी अडीच हजारांहून अधिक इंजिने तयार झाली.

हे इंजिन चालते कसे? पुष्कळांना वाटते, डिझेलच चाके फिरवते. तसे नाही बरं का. सोळा सिलिंडरांचे यंत्र डिझेल जाळून एक जनित्र फिरवते. जनित्रातून वीज निघते, ती सहा आसांवरच्या सहा मोटारींना मिळते आणि त्या मोटारी चाके फिरवतात. म्हणजे हे इंजिन आपले वीजघर पाठीवर घेऊनच हिंडते! पाणी यालाही लागते, पण ते यंत्र थंड ठेवण्यापुरते. तेच पाणी पुनःपुन्हा फिरते. कोळशातल्या शंभर भाग उष्णतेपैकी वाफेचे इंजिन जेमतेम सात-आठ भाग कामी लावी; डिझेलचे इंजिन तीसच्या आसपास लावते. शिवाय पहाटेपासून भट्टी पेटवून वाफ धरण्याची यातायात नाही.

तरीही यंत्र आपोआप जगत नाही. पुण्याच्या घोरपडी शेडमध्ये अशा इंजिनांची नेमाने तपासणी होई. अठरा वर्षे काम झाले, की इंजिन पंजाबातल्या पतियाळा येथील कारखान्यात जाई. तिथे ते उघडून, भाग बदलून, पुन्हा उभे केले जाई. काहींची शक्ती 3100 अश्वशक्तीपर्यंत वाढवली गेली. जेहलम, गोवा, कर्नाटक या गाड्या नगरवरून कित्येक वर्षे डिझेल इंजिनांनीच ओढल्या. त्यांच्यामागे तेलकट हातांच्या अनेक कारागिरांची मेहनत होती. त्यांचे नाव इंजिनावर कोरलेले नसते.

पुढे आपल्या मार्गावर विजेच्या तारा आल्या आणि डिझेलचे राज्य ओसरले. पण 23 सप्टेंबर 2022 रोजी नगर–आष्टी मार्गावर पहिली प्रवासी गाडी निघाली, तेव्हा ती डिझेलवरच निघाली. जिथे तारा नाहीत, तिथे रुळांची पहिली ओळख अजूनही डिझेलच करून देते. इंजिन क्रमांक 18040 आता दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात विसाव्याला उभे आहे.

शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. मुलांना स्टेशनवर न्याल, तेव्हा इंजिनावरचा क्रमांक आणि जात त्यांना वहीत लिहून घेऊ द्या. मग शक्ती कुठून आली, कोणत्या रूपात बदलली आणि चाकापर्यंत कशी पोचली, हे त्यांनाच सांगू द्या. विज्ञानाचा पाठ असा रुळांवर उभा राहिला, की तो मुलांच्या डोक्यातून सहसा जात नाही.