एका फेरीत दुसरी तपासणी, पण बाईला विचारून

(महिला आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



स्तनांच्या तपासणीला बाईला आणायचं म्हणजे काय खटपट असते, ते तुम्हाला सांगायला नको. दिवसाची मजुरी बुडते, घरी सबब सांगावी लागते, लाज बाजूला ठेवावी लागते. इतकं करून ती दवाखान्यात पोचली, तर त्याच फेरीत तिची आणखी एखादी तपासणी का होऊ नये? अमेरिकेत हा प्रश्न फुप्फुसाच्या कॅन्सरबाबत विचारला जातो आहे. त्यातून आपण काय घ्यायचं आणि काय नाही, एवढंच मी आज मांडणार आहे.

अमेरिकेत १९८७ पासून स्तनांच्या कॅन्सरपेक्षा फुप्फुसाच्या कॅन्सरने जास्त बाया मरतात. तरी तो पुरुषांचाच आजार समजला जातो. याचं एक कारण बाजारात आहे. १९६८ साली तिथे ‘व्हर्जिनिया स्लिम्स’ ही खास बायांसाठी सिगरेट आली आणि जाहिरातीत चक्क स्त्रीमुक्तीची भाषा वापरली गेली. नफा कंपनीने घेतला. आजारी पडल्यावर दोष मात्र बाईच्या माथी.

हा कॅन्सर लवकर सापडावा म्हणून कमी मात्रेचा सीटी स्कॅन करतात. त्रेपन्न हजारांवर लोकांच्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. वर्षाला एक असे तीन स्कॅन केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू, साधा एक्स-रे काढलेल्या गटापेक्षा वीस टक्क्यांनी कमी झाले. त्यावरून २०१३ साली तिथे शिफारस झाली, पण अट होती रोज एक पाकीट अशी तीस वर्षं धूम्रपान केल्याची. बाया बहुधा कमी सिगरेटी ओढतात, त्यामुळे धोका असूनही त्या अटीत बसत नव्हत्या. २०२१ मध्ये अट बदलली: वय ५० ते ८०, वीस वर्षं रोज एक पाकीट किंवा तेवढाच हिशेब, आणि अजून ओढत असल्या किंवा सोडून पंधरा वर्षांच्या आत असल्या, तर दरवर्षी स्कॅन. पण या यादीतल्या कितीतरी बाया वेळच्या वेळी मॅमोग्राफीला येतात आणि फुप्फुसाबद्दल त्यांना कुणी विचारतच नाही. म्हणून मॅमोग्राफीच्या भेटीतच सिगरेटचा प्रश्न विचारायचा, माहिती द्यायची आणि बाईला हवं असेल तर स्कॅनची वेळ ठरवून द्यायची, अशी ही कल्पना आहे.

कल्पना चांगली आहे. पण तो स्कॅन उचलून आपल्याकडे आणायचा का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्या चाचणीत दर शंभर स्कॅनमागे चोवीसमध्ये काहीतरी संशयास्पद दिसलं आणि त्यातल्या शहाण्णव टक्क्यांत कॅन्सर नव्हताच. आपल्याकडे टीबीचे जुने डाग कितीतरी फुप्फुसांत आहेत. म्हणजे खोटी भीती आणखी वाढणार. शिवाय आपल्या बहुतेक बाया सिगरेट ओढत नाहीत. त्यांची फुप्फुसं चुलीच्या धुराने काळी होतात. दगडी कोळशाच्या घरगुती धुराने कॅन्सर होतो हे सिद्ध आहे आणि लाकूड-गोवऱ्यांच्या धुराने तो होण्याचा संभव आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था सांगते. पण चुलीपुढच्या बाईला दरवर्षी स्कॅन केल्याने तिचा जीव वाचतो, असा पुरावा नाही. तिला धूर कमी करणारी सोय हवी. आणि गॅसची शेगडी घरात आली तरी दुसरं सिलिंडर परवडलं नाही, तर चूल विझत नाही.

मग आपण काय घ्यायचं? प्रश्न विचारण्याची रीत घ्यायची. आपल्याकडे तंबाखू बाईच्या तोंडात आहे: मशेरी, पानातला तंबाखू, कुठे विडीही. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत १२.८ टक्के बाया बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या, आणि ओढणाऱ्या दोन टक्के. म्हणून स्तनांच्या तपासणीला आलेल्या बाईचं तोंड बॅटरीच्या उजेडात पाहणं, हे आपल्याकडचं ‘त्याच फेरीतलं’ काम आहे. याला मोठं यंत्र लागत नाही. तीस वर्षांवरच्या बायांचं तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड तपासायचं, असं सरकारी कार्यक्रमातच २०१६ पासून लिहिलेलं आहे. आपण ते मागून घ्यायचं. प्रशिक्षित कार्यकर्तीच्या हाताला काय साधतं, हे मुंबईच्या वस्त्यांत १९९८ मध्ये सुरू झालेल्या टाटा रुग्णालयाच्या अभ्यासाने दाखवलं आहे. मॅमोग्राफीशिवाय, दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या बायांमध्ये स्तनांच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले.

फुप्फुसाबद्दल तीन गोष्टी विचारा. खोकला तीन आठवड्यांहून जास्त आहे का? थुंकीतून रक्त पडतं का? टीबीची औषधं चालू असूनही वजन घटतंच आहे का? यातलं एकही ‘हो’ आलं, तर ती चाळणी तपासणीची बाब राहत नाही. बाईला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि थुंकीची व छातीची तपासणी मागा. “मी सिगरेट ओढत नाही, मला कसला कॅन्सर?” असं बाई म्हणते, आणि डॉक्टरही कधी कधी तसंच धरून चालतात.

शेवटचं आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. पदर बाजूला करून, उघड्या अंगाने बसलेली बाई कशालाही ‘हो’ म्हणते. त्या ‘हो’ला संमती म्हणायचं नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांना कॅन्सरची भीती घालून पिशवी काढल्याच्या तक्रारी २०१९ मध्ये पुढे आल्या, हे आपण विसरता कामा नये. तेव्हा दुसऱ्या तपासणीचं बोलणं आधी करायचं, ती कपड्यात असताना, नवरा-सासू बाहेर असताना. मशेरीचा प्रश्न विचारताना आवाजात ठपका नको. ती बहुधा आईनेच लहानपणी हाती दिलेली असते. तपासणीत काही निघालं तर पुढे कुठे जायचं, खर्च किती, सोबत कोण, हे आधी ठरलेलं हवं. ते ठरलेलं नसेल तर शिबिर घेऊ नका. आणि ती ‘आज नको’ म्हणाली, तर पुढच्या वेळी पुन्हा विचारायचं, पण तिच्या स्तनांची तपासणी त्यावाचून अडवायची नाही.

पुढच्या शिबिराच्या यादीत एक बॅटरी आणि हे तीन प्रश्न लिहून टाका. सुरुवात तिथून करू.