गर्दीत बसून टिपलेला आवाज



आमच्या केंद्रावर मागे आवाज टिपायचं शिबिर झालं. शिकवणाऱ्या ताईंनी एकाच कार्यक्रमाची दोन रेकॉर्डिंग ऐकवली. एक कंपनीनं काढलेलं, अगदी स्वच्छ. दुसरं प्रेक्षकांत बसलेल्या कुणीतरी केलेलं. त्यात गाणं कमी आणि आरोळ्याच जास्त. आम्ही हसलो, ‘अगं बाई, ही तर जत्रा!’ ताई म्हणाल्या, ‘हसा, पण गोष्ट ऐका.’ तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

इंग्लंडात १९६८ साली चौघांनी मिळून एक पथक काढलं. नाव लेड झेपलिन. गिटार, बास गिटार, ड्रम आणि गाणारा. अशा दणदणीत संगीताला तिकडे रॉक म्हणतात. त्यांचं नाव जगभर झालं. पण १९८० साली ड्रम वाजवणारे जॉन बोनहॅम वारले. वय अवघं बत्तीस. राहिलेल्या तिघांनी ठरवलं, त्याच्याशिवाय पथक नाही. मग ते थांबलेच. मध्ये काही वेळा थोडा वेळ एकत्र वाजवलं, पण पूर्ण कार्यक्रम असा नाहीच.

तो झाला १० डिसेंबर २००७ ला, लंडनच्या ओ-टू नावाच्या मोठ्या सभागृहात. ज्यांच्या कंपनीनं त्यांची गाणी काढली ते अहमत एर्तेगुन आदल्या वर्षी वारले होते. त्यांच्या आठवणीसाठी हा कार्यक्रम होता. ड्रमवर कोण बसलं? जॉनचा मुलगा जेसन. बाप गेला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.

तिकिटासाठी नावं नोंदवून घेतली आणि चिठ्ठ्या काढाव्यात तशी निवड केली. दोन कोटी मागण्या आल्याचं सांगितलं गेलं, आणि सभागृहात माणसं मावणार वीस हजारांच्या आसपास. बाकीच्यांनी काय करायचं? रीतसर चित्रीकरण झालं होतं, पण ते लोकांपुढे यायला २०१२ चा ऑक्टोबर उजाडला. जवळजवळ पाच वर्षं! तोवर लोकांनी ऐकलं ते प्रेक्षकांनी टिपलेलं, आम्ही हसलो तसलंच.

ते खराब का येतं, तेही ताईंनी समजावलं. आपला कान हवं ते निवडतो. लग्नात बँड वाजत असला तरी शेजारणीचं बोलणं आपल्याला कळतं. माईकला निवड कळत नाही. लांबचं गाणं आणि शेजारच्याचा खोकला, दोन्ही तो घेतो. मोठ्या सभागृहात आवाज भिंतींवर आपटून परत येतो, त्यानं शब्द पुसट होतात. कंपनी प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा घेते आणि मग नीट जुळवते.

पण ताईंनी दुसरं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं तेव्हा आम्ही गप्प झालो. गाणारा साठीला आलेला, गिटारवाला त्रेसष्टचा. काही गाणी त्यांनी पूर्वीपेक्षा खालच्या पट्टीत घेतली होती. वय झाल्यावर आपल्या आज्या घेतात तशीच. आणि भोवतीची माणसं ओरडत होती, सोबत गात होती. सत्तावीस वर्षं वाट पाहिलेल्या माणसांचा आवाज होता तो. कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्येही टाळ्या आहेत, पण लांबच्या. इथं आपण त्या माणसांच्या मांडीला मांडी लावून बसतो.

मग प्रश्न येतो परवानगीचा. असं टिपलेलं काही लोक विकतात आणि गाणाऱ्याला दमडी मिळत नाही. या पथकाचे जुने व्यवस्थापक अशा लोकांवर फार कडक होते. याउलट अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड नावाच्या पथकानं १९८४ साली रेकॉर्डिंग करणाऱ्यांना बसायला वेगळी जागाच दिली. अट एकच, आपसात द्या-घ्या, पण पैसे कमवायचे नाहीत.

हे ऐकताना आम्हाला आमच्याच गटातली एक आजी आठवली. जात्यावर बसून तिनं ओव्या म्हटल्या. कुणीतरी गुपचूप मोबाइलवर घेतल्या आणि गावभर पाठवल्या. माहेरच्या दुःखाची ओवी होती ती. आजी पुढे कितीतरी दिवस गायलीच नाही. आवाज राहिला, पण गाणारी रुसली. मग काय कमावलं?

म्हणून आम्ही ठरवलंय, तुम्हीही ठरवा. आधी विचारायचं. कुणाला ऐकवायचं आणि कुणाला नाही, तेही तिलाच विचारायचं. मोबाइल विमानाच्या खुणेवर ठेवायचा, म्हणजे मध्येच फोन वाजत नाही. माईकच्या भोकावर बोट येऊ द्यायचं नाही. सुरुवातीला तारीख, गाव आणि तिनं होकार दिलाय हे बोलून ठेवायचं. ओवी संपली की लगेच बंद करायचं नाही, थोडं थांबायचं. आणि झालं की पहिल्यांदा तिलाच ऐकवायचं.

जात्याची घरघर येईल, कोंबडी ओरडेल, कुणी सून हसेल. येऊ द्या. उद्या नात ऐकेल तेव्हा तिला आजीचा आवाज मिळेल आणि आजीच्या भोवतीचं घरही मिळेल.

या आठवड्यात एकीला तरी विचारा. ती ‘नको’ म्हणाली तर मोबाइल खाली ठेवा आणि नुसतं ऐका.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.