लेखाच्या साच्याची मालकी



आपल्या शाळेत तयार केलेले निकालपत्रक केंद्रशाळेच्या संगणकावर उघडताच त्याचे रकाने विस्कटतात, हा अनुभव आपणांस नवा नाही. दोष बहुधा लिहिणाऱ्याचा नसतो. प्रत्येक कंपनीची आज्ञावली मजकूर आपापल्या रीतीने साठवी, व ती रीत इतरांस ठाऊक नसे. मायक्रोसॉफ्टने आपल्या जुन्या वर्ड-पद्धतीचे वर्णन २००८ साली सर्वांस खुले केले.

‘ओपनडॉक्युमेंट’ ही खुली पद्धत २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरली. तिच्यातील फाइल म्हणजे वस्तुतः एक गाठोडेच होय. फाइलची एक प्रत घ्यावी, नावाच्या शेवटचे ‘ओडीटी’ काढून ‘झिप’ लिहावे व ती सोडावी. आत ‘कंटेंट’ नावाच्या फाइलमध्ये, खुणांच्या गर्दीत का होईना, आपलीच वाक्ये वाचावयास मिळतात. वरच्या वर्गांस हा प्रयोग अवश्य दाखवावा. मायक्रोसॉफ्टच्या ‘ओपन एक्सएमएल’ पद्धतीसही २००८ साली तोच दर्जा मिळाला. भारताचे मत विरुद्ध होते. तिचे मूळ वर्णन सुमारे सहा हजार पृष्ठांचे! एकाच कामास दोन मानके, हे मला तरी विसंगत वाटते.

मराठीपुरता आणखी एक खोडा आहे. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मजकूर खुल्या पद्धतीत साठविला, तरी तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हेच उमटतात. सबब शाळेची जुनी पत्रके आधी युनिकोडमध्ये उतरवून घ्यावीत, जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत, आणि मूळ प्रत पुसू नये.