नरिमन हाऊसची गच्ची

बोरिवली-अंधेरीहून चर्चगेट, मुलुंड-घाटकोपरहून सीएसएमटी आणि पुढे कुलाब्याची बस. कॉजवेजवळच्या चिंचोळ्या गल्लीत नरिमन हाऊस आहे. नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात या ज्यू केंद्रात रॅबाय गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का यांच्यासह सहा ओलिसांचा बळी गेला. दोन वर्षांचाही नसलेला त्यांचा मुलगा मोशे मात्र वाचला. त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युअल त्याला उचलून बाहेर पडल्या होत्या.

ही वास्तू पाडली असती, तरी कुणी बोल लावला नसता. पण 2014 मध्ये केंद्र पुन्हा सुरू झालं. वर गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंती मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत. गिलावा न करण्याचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. कमांडो हेलिकॉप्टरमधून ज्या गच्चीवर उतरले, तिथे आता स्मारक आहे. त्यावर केवळ या घरातल्यांची नव्हे, तर शहरभरच्या मृतांची नावं आहेत. सीएसएमटीवर गाडीची वाट पाहणाऱ्यांचीही. हल्ल्याच्या रात्री आपल्या विलेपार्ल्यातही टॅक्सीत स्फोट झाला होता, हे किती जणांना आठवतं?

जायचं असेल तर आधी चौकशी करून वेळ ठरवा आणि ओळखपत्र जवळ ठेवा.