रेणूंची ओढ: माठ, खोबरेल आणि तलाव

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा लेखी पाठ)



आजच्या विषयाला पाठ्यपुस्तकात ‘आंतररेण्वीय बल’ असे भारदस्त नाव आहे. पदार्थाचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. ही ओढ किती, यावर तो पदार्थ कधी वितळणार, कधी उकळणार, दाट राहणार की पातळ, हे ठरते. माझे वास्तव्य सध्या राजस्थानात, जयपूरहून सीकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील चौमूं या गावी आहे. हा विषय तेथे समजावून सांगताना मराठी शाळेत शिकलेल्या माणसापुढे पहिली अडचण येते ती शब्दांची. आपण ज्याला अणू म्हणतो त्याला हिंदीत ‘परमाणु’ म्हणतात, आणि आपल्या रेणूला तिकडे ‘अणु’ हे नाव आहे. शब्द तोच, अर्थ मात्र एक पायरी सरकलेला. म्हणून आरंभीच स्पष्ट करतो, की रेणूच्या आत अणूंना जोडणाऱ्या बंधांविषयी मी आज बोलणार नाही. पाण्याची वाफ झाली तरी तिचा प्रत्येक रेणू पाण्याचाच असतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होत नाहीत. सुटते ती रेणूची शेजारच्या रेणूंशी असलेली पकड.

वायूंचे गणित मांडताना ही ओढ हिशेबात धरली पाहिजे, असे नेदरलँड्सच्या व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ मधील आपल्या प्रबंधात दाखवून दिले. पुढे १९१० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सर्व पदार्थांत ही ओढ सारखी नसते, आणि पाण्यात ती अपेक्षेपेक्षा फारच अधिक आहे. हायड्रोजन सल्फाइड हा घाण वासाचा वायू आपण प्रयोगशाळेत अनुभवला आहे. त्याची रचना पाण्यासारखीच, रेणुभार मात्र ३४, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ दुप्पट. जड रेणू उशिरा उकळावा, असा सामान्य नियम. प्रत्यक्षात हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांवरच उकळतो आणि १८ रेणुभाराचे पाणी १०० अंशांपर्यंत दम धरते. याचे कारण हायड्रोजन बंध. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचतो. त्याची बाजू किंचित ऋण होते, हायड्रोजनची टोके किंचित धन होतात, आणि एका रेणूचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण बाजूला बिलगते.

या बिलगण्याची किंमत माठात मोजता येते. नेहमीच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. माठात १० लिटर पाणी आहे आणि त्यातील २०० ग्रॅम पाणी छिद्रांतून पाझरून उडून गेले असे समजा. ही सारी उष्णता उरलेल्या पाण्यातून गेली, तर ते सुमारे १२ अंशांनी थंड होईल. म्हणजे शंभरातील दोन वाटे पाणी दिले की अठ्ठ्याण्णव वाटे गार होते. बाहेरची उष्णता सतत आत येत असल्याने प्रत्यक्षात अधिक पाणी खर्ची पडते, हे खरे. तरीही सौदा फायद्याचाच आहे.

मग हाच माठ कोकणात तितका गार का होत नाही? रेणू तेथेही बाहेर पडतात, पण दमट हवेतील वाफेचे रेणू तितक्याच लगबगीने परत येतात. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक जे तापमान दाखवतो, त्याच्या खाली माठ उतरत नाही. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर ही मर्यादा २८ अंशांच्या आसपास येते. चौमूंला मे महिन्यात दुपारी ४२ अंश तापमान आणि आर्द्रता १५ टक्के असली, तर ती २२ अंशांपर्यंत खाली जाते. माठ घडवणाऱ्याचे कौशल्य दोन्हीकडे तेच, फरक हवेचा.

उलट हिवाळ्यात माहेरून नेलेली खोबरेलाची बाटली चौमूंला घट्ट थिजते आणि शेजारी ठेवलेले मोहरीचे तेल खुशाल वाहते. येथे हायड्रोजन बंधाचा संबंध नाही. तेलांच्या लांब साखळ्यांमध्ये क्षणिक विद्युत असमतोलातून जन्मणारी दुबळी ओढ असते. तिला ‘लंडन बल’ म्हणतात. हे नाव शहराचे नव्हे, १९३० मध्ये तिचे स्पष्टीकरण देणाऱ्या फ्रिट्झ लंडन यांचे. साखळी जितकी लांब तितकी ही ओढ अधिक. खोबरेलातील मुख्य आम्लाची साखळी १२ कार्बनची, तर पारंपरिक मोहरीच्या तेलातील इरुसिक आम्लाची २२ कार्बनची. या हिशेबाने मोहरीचे तेल आधी थिजायला हवे होते! पण खोबरेलाच्या साखळ्या सरळ असतात, सरपणाच्या काटक्यांसारख्या एकमेकींना लागून बसतात. मोहरीच्या साखळीला मध्येच बाक असतो, आणि वाकड्या काटक्यांची मोळी घट्ट बांधली जात नाही. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठते. मोहरीचे तेल चौमूंच्या थंडीलाही दाद देत नाही. ओढ असून भागत नाही, जवळ येता आले पाहिजे.

आता अधिक गंभीर बाब. ज्या बाष्पीभवनाने माठ गार होतो, त्यानेच तलाव आटतात. जयपूर परिसरात वर्षाला सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघड्या जलाशयातून उडून जाऊ शकणारे पाणी त्याच्या दुपटीहून अधिक असते. ही गळती रेणूंच्या ओढीनेच थोपवता येईल का, याचा विचार आपल्या पुण्यात झाला. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील देव, संजना, कुलकर्णी, घारपुरे आणि बिस्वास यांचे यासंबंधीचे संशोधन १९६० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

कल्पना मोठी देखणी आहे. सेटिल अल्कोहोल हा मेणासारखा पांढरा पदार्थ. आपल्या क्रीममध्येही तो असतो. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याशी हायड्रोजन बंध जोडते, आणि १६ कार्बनची शेपटी पाण्याबाहेर उभी राहते. अशा शेपट्या एकमेकींना लंडन बलाने धरतात आणि पाण्यावर एका रेणूच्या जाडीचे छप्पर तयार होते. माझ्या हिशेबाने एक हेक्टर पाणी झाकायला अवघे वीस ग्रॅम पुरावेत. पुण्याच्या संशोधकांनी अल्कोक्सी इथेनॉल या, पाण्याकडच्या टोकाजवळ आणखी एक ऑक्सिजन असलेल्या संयुगांचा या कामासाठी अभ्यास केला.

प्रयोगशाळेच्या ताटलीत हे छप्पर उत्तम टिकते. तलावावर वारा सुटला की ते फाटते, एका काठाला गोळा होते आणि औषध पुन्हा पुन्हा टाकावे लागते. म्हणून जेथे टंचाईच्या दिवसांत थोडे पाणी थोडे अधिक टिकवायचे आहे, तेथेच या उपायाला अर्थ आहे; याहून मोठी आशा मी त्यावर ठेवत नाही. जयपूरजवळच्या रामगढ तलावात १९८२ च्या आशियाई स्पर्धांतील नौकानयन झाले होते. पुढे तो कोरडा पडला. त्याचा दोष केवळ उन्हाला देता येणार नाही. पाणलोटात अडथळे आणि अतिक्रमणे झाली, पाणी येण्याच्या वाटाच अडल्या. न आलेले पाणी कोणतेही रसायन वाचवू शकत नाही.

राजस्थानातील जुन्या लोकांनी पाण्यावर रेणूंचे नव्हे, दगडचुन्याचे छप्पर घातले. घरोघरची टाकी जमिनीखाली असत आणि तोंड लहान, झाकलेले. जयगडावर खांबांवर तोललेल्या छताखाली एक प्रचंड टाके आहे. डोंगरावरून पाटांनी आणलेले पावसाचे पाणी त्यात साठवले जाई, आणि त्या छताखाली ना ऊन पोचते, ना वारा. वाफेने जड झालेली हवा तेथेच कोंडून राहते आणि सुटलेले पुष्कळसे रेणू पुन्हा पाण्यात परततात.