जेवणाची कीर्दखतावणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पैशांचा हिशोब ठेवला. पतपेढीत होतो. दिवसअखेर आठ आण्यांचा फरक आला तरी तो सापडल्याशिवाय घरी जायचं नाही, असा आमचा शिरस्ता. पण स्वतःच्या पोटात काय जमा होतं आणि अंगातून काय खर्च होतं, याचा हिशोब वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत मी कधी मांडला नव्हता. तो मांडायची वेळ आली ती तपासणीच्या एका कागदामुळे. उपाशीपोटी साखर ११८. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर उभे आहात."

माझ्या वडिलांचा डावा पाय याच आजारात गुडघ्याखाली गेला. शेवटची सहा वर्षं ते आमच्या पनवेलच्या जुन्या घरात ओटीवर बसून काढत होते. आतल्या खोलीत जायचं तर उंबरठा ओलांडायला दोघांचा आधार लागे. त्यामुळे डॉक्टरांचा तो शब्द मला जरा जास्तच लागला.

तसा मी जाड नाही. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६६ किलो. लोक म्हणतात, "तुम्हाला कशाला हवी जिम?" इथेच आपली फसगत होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापलं. त्यात ते स्वतः आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! हातपाय बारीक आणि चरबी आत पोटात, ही आपल्याकडची ठेवण. म्हणून भारतीयांसाठी हा निर्देशांक २३ च्या वर गेला की सावध व्हायचं, आणि पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, बाईची ८० च्या वर नको, असं सांगतात. माझा निर्देशांक २३.४ आणि कंबर ९४.

तर जानेवारीत जिम सुरू केली. शिकवणारा मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा. "काका, मोबाइलवर ॲप घ्या, सगळं आपोआप मोजतं," म्हणाला. मी म्हटलं, आपली वही बरी. लाल पुठ्ठ्याची लांब वही आणली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च.

पहिल्याच दिवशी अर्धा तास ट्रेडमिलवर चाललो. पडद्यावर आकडा आला १८०. बाहेर पडलो, वडापाव खाल्ला. वडापावचे अंदाजे ३०० आणि चालण्याचे १८०, असं वहीत लिहून टाकलं. आठवडाभराने लक्षात आलं, की त्या यंत्राने मला माझं वजन विचारलंच नव्हतं! शिवाय मी दांडी घट्ट धरून चालत होतो. हिशोब असा आहे : नुसतं बसलेला माणूस किलोमागे तासाला साधारण एक कॅलरी खर्च करतो. ताशी पाच किलोमीटरच्या चालण्याला त्याच्या साडेतीनपट लागतात. म्हणजे माझ्या ६६ किलोला अर्ध्या तासाचे झाले ११५. त्यातले ३३ तर मी घरी आरामखुर्चीत बसलो असतो तरी गेलेच असते. राहिले ऐंशी-पंच्याऐंशी. भरपूर साखरेचा एक कप चहा, फार तर दीड! मनगटावरच्या घड्याळांचीही तीच कथा. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली अशी सात घड्याळं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वात चांगलं घड्याळही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं.

जमेच्या बाजूला तर आणखी गोंधळ. ॲप वापरणाऱ्या एका शेजाऱ्याने १०० ग्रॅम भाताच्या ३५० कॅलरी धरल्या आणि घाबरून भातच सोडला. अहो, ३५० हा आकडा १०० ग्रॅम तांदळाचा. शिजल्यावर त्याचा अडीच-तीनपट भात होतो. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात १३० च्या आसपास. कच्चं की शिजलेलं, हे आधी ठरवून घ्यावं, नाहीतर पुढची सगळी बेरीज वाया.

न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली काही माणसांची पाहणी झाली. "आम्ही इतकं कमी खातो तरी वजन उतरत नाही" अशी तक्रार असलेली ही माणसं. प्रत्यक्षात मोजलं तेव्हा कळलं, की ती खाल्लेलं ४७ टक्क्यांनी कमी आणि केलेले श्रम ५१ टक्क्यांनी जास्त सांगत होती. खोटं बोलत नव्हती बरं का. त्यांना तसं खरंच वाटत होतं. हे वाचून मला बरं वाटलं. निदान मी एकटा नव्हतो.

माझ्या हिशोबातली खरी चूक मात्र सौ.ने पकडली. वही चाळून म्हणाली, "अहो, यात तेल कुठे आहे?" मी पोळी, भाजी, आमटी असं लिहीत होतो. फोडणीचं, परतण्याचं तेल ताटात दिसतच नाही. तेव्हा आम्ही उलटा हिशोब मांडला. ताट सोडलं आणि वाण्याची यादी घेतली. घरात माणसं चार, महिन्याला पाच लिटरचा एक डबा संपतो. म्हणजे साधारण ४६०० ग्रॅम तेल. भागिले चार, भागिले तीस. माणशी रोज ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिवसाला २००० कॅलरींचं जे ताट सुचवलं, त्यात तेल-तूप आहे २७ ग्रॅम. वरच्या ११ ग्रॅमच्या, ग्रॅममागे नऊप्रमाणे, शंभर कॅलरी. माझ्या ट्रेडमिलच्या अर्ध्या तासापेक्षा जास्त! आणि ही बचत करायला घाम गाळावा लागत नाही. आता तो डबा चाळीस-बेचाळीस दिवस पुरतो. साखरेचा, गुळाचाही असाच हिशोब होतो. बाहेरचं खाणं मात्र वेगळं धरावं लागतं.

त्याच महिन्यात शेतावर पोपटी झाली. रायगडच्या बाहेरच्या श्रोत्यांना सांगतो : वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी हे सगळं मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून, मीठ-ओवा लावून, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. तेलाचा थेंब नाही, पाण्याचाही नाही. पण वहीत लिहायचं काय? शेवटी मी माझ्यासमोरची टरफलं मोजायला लागलो, तेव्हा मेव्हणा म्हणाला, "दाजी, आज तरी पतपेढी बंद ठेवा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वजन ९०० ग्रॅमने वाढलेलं. मी हबकलो. मग साधा विचार केला. एवढी चरबी अंगावर चढायला जवळपास ७००० कॅलरी जादा खाव्या लागतील. कितीही शेंगा खाल्ल्या तरी ते शक्य नाही. ते होतं मीठ, मिठाने धरून ठेवलेलं पाणी आणि पोटातलं अन्न. तेव्हापासून मी रोजचं वजन टिपतो, पण पाहतो ती सात दिवसांची सरासरी.

व्यायामाच्या पानावरून कॅलरी मी खोडल्याच. आता तिथे लिहितो : अमुक वजन, इतके वेळा. खांद्यापाशी दांडी खाली ओढायचा व्यायाम १५ किलोने दहा वेळा सुरू केला होता. बारा वेळा सहज जमलं की अडीच किलो वाढवायचे. तीन महिन्यांत २५ वर आलो. हे महत्त्वाचं, कारण रक्तातली साखर मोठ्या प्रमाणात स्नायूंमध्येच जिरते. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारख्या व्यायामाबरोबर दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. प्रथिनांची पावडर मी घेतली नाही. किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे मला ५५ ग्रॅम लागतात. त्यासाठी वरण थोडं घट्ट केलं, अंडी वाढवली, आणि आमच्याकडे सुके बोंबील आहेतच. त्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिनंच असतात. फक्त ते आधी पाण्यात भिजवून खारेपणा काढायचा.

एक सांगायला हवं. वाढत्या वयाच्या मुलामुलींच्या हाती ही वही देऊ नये. आकड्यांपायी जेवण टाकणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. आणि इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं कमी करू नये. साखर एकदम उतरते.

एप्रिलमध्ये पुन्हा तपासणी केली. वजन फक्त दीड किलोने उतरलं होतं, पण कंबर ९४ ची ९० झाली आणि उपाशीपोटी साखर १०६. शंभराच्या आत अजून आलेली नाही. डॉक्टरांनी पुढची तारीख दिवाळीनंतरची दिली आहे. फराळाचं वेगळं खातं उघडायचं की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.