सभेत न आलेला विषय



राज्यशास्त्राची जुनी पुस्तके उघडली, की सार्वभौमत्व, राज्यघटना, दोन सभागृहे, न्यायालयाचे अधिकार यांचीच वर्णने सापडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या अनेक अभ्यासकांना एवढ्यावर समाधान वाटेना. कागदावर अधिकार कुणाला आहेत ते कळले. पण प्रत्यक्षात चालते कुणाचे? माणसे कशी वागतात ते पाहा, मोजा, मग बोला, असा त्यांचा आग्रह होता. हाच वर्तनवाद. त्याची खरी कसोटी लागली ती ‘सत्ता’ या एका संकल्पनेवर.

१९५३ साली फ्लॉइड हंटर यांनी अटलांटा शहराचा अभ्यास प्रसिद्ध केला. इथे कुणाचा शब्द चालतो, असे त्यांनी शहरातल्या माहीतगारांनाच विचारले. उत्तरांतून एक लहानसे वर्तुळ पुढे आले, त्यात उद्योग-व्यापारातली माणसे अधिक. येल विद्यापीठातल्या रॉबर्ट डाल यांना ही रीत पटली नाही. एखाद्याचा दबदबा आहे असे लोक म्हणतात, म्हणून तो असतोच असे थोडेच आहे? डाल यांनी न्यू हेवनमधले तीन विषय घेतले: शहराची पुनर्रचना, सरकारी शाळा आणि पक्षांच्या उमेदवाऱ्या. प्रस्ताव कुणी मांडला, कुणाचा पडला, कुणाचे खरे झाले, हे त्यांनी निर्णयागणिक तपासले. १९६१ मध्ये त्यांचे पुस्तक आले. सगळीकडे एकच टोळके सत्ता चालवत नाही. विषय बदलला की वजनदार माणसेही बदलतात, असे त्यांचे म्हणणे. याला बहुलवाद म्हणतात. पद्धत चोख होती, यात शंका नाही.

पण सभेत जे आलेच नाही, त्याचे काय? पुढच्याच वर्षी पीटर बॅकरॅक आणि मॉर्टन बॅराट्झ यांनी नेमके हेच विचारले. आपल्याकडे सोसायटीच्या सभेला बसलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. खरा वाद ज्यावर व्हायचा, तो विषय विषयपत्रिकेतच नसतो आणि ‘आयत्या वेळच्या विषयां’पर्यंत निम्मी माणसे उठून गेलेली असतात. विषय बाहेर ठेवता येणे ही सत्ताच आहे, असे या दोघांचे प्रतिपादन.

आता न घडलेली गोष्ट अभ्यासायची कशी? मॅथ्यू क्रेन्सन यांनी १९७१ मध्ये वाट दाखवली. इंडियाना राज्यात ईस्ट शिकागो आणि गॅरी ही शेजारची दोन शहरे. दोन्हीकडे पोलादाचे कारखाने, दोन्हीकडे धूर. ईस्ट शिकागोने हवेच्या प्रदूषणाविरुद्ध नियम केला १९४९ मध्ये. गॅरीला १९६२ उजाडावे लागले. गॅरी हे यू. एस. स्टील कंपनीने वसवलेले गाव, नावसुद्धा कंपनीच्या अध्यक्षांचे. कंपनी नाराज होईल या नुसत्या समजुतीनेच विषय पुढे सरकेना. कंपनीने उघड विरोध करायचीही गरज पडली नाही. न्यू हेवनची फूटपट्टी इथे लावली असती, तर कंपनीच्या सत्तेची नोंदच झाली नसती, कारण तिने काही केलेच नव्हते.

स्टीव्हन ल्यूक्स १९७४ मध्ये आणखी पुढे गेले. माणसाला आपली तक्रारच वाटू नये, आहे ते असेच असायचे असे त्याने धरून चालावे, ही सत्तेची सर्वांत पक्की पकड, असे ते म्हणतात. यावर आक्षेप आला आणि तो मला आजही वजनदार वाटतो: लोकांचे खरे हित कशात आहे हे त्यांच्यापेक्षा प्राध्यापकाला अधिक कळते, हे ठरवले कुणी?

जॉन गॅव्हेंटा यांनी १९८० मध्ये दिलेले उत्तर वादापेक्षा कामाचे आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचिया या डोंगराळ भागातल्या एका कोळसाखोऱ्यातली बहुतेक जमीन लंडनमधून कारभार चालवणाऱ्या एका कंपनीकडे होती, आणि लोक गप्प होते. गॅव्हेंटांनी तिथला कित्येक दशकांचा इतिहास खणून काढला. लोक मुळात समाधानी होते, असे त्यात आढळले नाही. आधी झगडे झाले होते, ते हरले होते. त्या पराभवांनी पुढच्यांना मागणी करायचेच विसरायला लावले. पकड जिथे सैल झाली, तिथे तीच माणसे पुन्हा बोलू लागलेली त्यांना दिसली.